आमच्या गच्चीवर वारा सरळ येतच नाही

माझं माहेर नाशिकच्या म्हसरूळचं. चांभारलेण्याच्या डोंगराच्या दक्षिणेला घर, आणि डोंगर इतका जवळ की लहानपणी मला तो घराचाच भाग वाटायचा, जिना किंवा मोरी असते तसा. डोंगरावरच्या गजपंथ या जैन तीर्थाच्या पायऱ्या चढणारे यात्रेकरू आम्ही गच्चीवरून मोजत बसायचो, पांढरे कपडेवाले किती आणि रंगीत किती, हरला त्याने खालून पाणी आणायचं. आणि याच गच्चीवर दर संक्रांतीला आमची मनसोक्त बेइज्जती व्हायची.

म्हणजे कसं, पंचवटीत आत्याकडे गेलं की पतंग हातातून सुटला की गेलाच वर, तिथल्या पोरांना ढील द्यायची की खेचायचं एवढाच प्रश्न. आमच्याकडे पतंग वीस-पंचवीस हात चढायचा, जरा डुलायचा, मग कुणीतरी मान पिरगाळावी तसा डावीकडे वळून गोता खायचा तो थेट शेजाऱ्यांच्या पत्र्यावर, आणि दरवर्षी त्याच पत्र्यावर. अण्णा, म्हणजे माझे वडील, मंगळसूत्र, म्हणजे पतंगाला मांजा जोडायचा दोरा, सोडून परत बांधायचे, गाठ बोटभर वर घ्यायचे, मग अर्धं बोट खाली, मग शेपटी लावायचे, मग शेपटी काढायचे. मामाने एकदा येवल्याहून मुद्दाम आणलेला मोठा पतंग आणि सोबत आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी, तीही खास तिकडची, पण पत्र्यावर जायचं ते गेलाच. शेवटी अण्णांनी जाहीर करून टाकलं, "पतंगात खोट नाही. तिथं वाऱ्याला खड्डा आहे."

आम्ही हसायचो. वाऱ्याला कुठे खड्डा असतो का!

अजून एक गंमत होती, ती तेव्हा कुणाच्याच डोक्यात शिरली नव्हती. थंडीत उत्तरेकडून गार वारा सुटायचा, म्हणजे डोंगराकडून आमच्याकडे, आणि आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची, तर ते कपडे उडायचे डोंगराच्या दिशेने! उत्तरेचा वारा आणि चादर फडफडतीये उत्तरेकडेच. आई म्हणायची चिमटे नीट लावत नाहीस तू. झालं, विषय संपला.

मग लग्न होऊन मी पंधरा-एक किलोमीटरवर गेले, दिंडोरी तालुक्यात, रामशेजच्या पूर्वेला. रामशेज म्हणजे 1682 पासून मुघलांना काही वर्षं झुंजवणारा तोच किल्ला, आमच्या द्राक्षबागेतून पूर्ण दिसतो, एखादं मोठं जहाज शेतात रुतून बसलंय असा. म्हणजे इकडेही डोंगर पाठ सोडेना. इथे संक्रांतीचे पतंग नाहीत पण त्याहून महागाचा खेळ आहे, फवारणी.

ज्यांच्या घरी बाग नाही त्यांना सांगते. ऑक्टोबर छाटणीनंतर पुढचे काही महिने डोक्यात दोनच शब्द, डावणी आणि भुरी, द्राक्षावरचे दोन रोग. ट्रॅक्टरमागे ब्लोअर लावून औषध मारायचं, आणि ते मारायचं सकाळी लवकर. माझे सासरे, नाना, त्यांचं वाक्य ठरलेलं, "वारं सुटायच्या आत उरकायचं." एका वर्षी रात्री अवकाळी पाऊस झाला, सकाळभर बागेत चिखल, ट्रॅक्टर घालायची सोय नाही, आणि थांबायचीही सोय नाही, त्यामुळे दुपारी चारला ब्लोअर काढला. मोबाईलवर बघितलं होतं, वारा ताशी 9 किलोमीटर, पश्चिमेचा. म्हटलं एवढं काय नाही. प्रत्यक्षात पहिल्या चार ओळी छान झाल्या, पाचव्या ओळीला औषधाचा ढग उभाच्या उभा वर गेला, परत फिरला, ट्रॅक्टरवाल्याच्या अंगावरून पुढे जाऊन बांधापलीकडच्या टोमॅटोवर बसला. बांधापलीकडचे भाऊ दोन महिने बोलले नाहीत आमच्याशी. नाना एवढंच म्हणाले, "तुझं ते मोबाईल खरं बोलतंय, पण वारं पिसाळलंय त्याचं काय?"

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. 9 किलोमीटर हे खरंच होतं, मी नंतर हातात धरायचा छोटा पंख्याचा मीटर ऑनलाईन मागवला आणि दोन आठवडे वेड्यासारखी बागेत हिंडले, घरच्यांना वाटलं हिला काहीतरी लागलंय. रामशेजच्या माथ्यावर एका रविवारी तोच मीटर धरला तर आकडा 21 ते 28 च्या दरम्यान हलत होता, म्हणजे जोरात पण एका सुरात. त्याच संध्याकाळी बागेत आकडे असे आले: 3, 0, 14, 6, 19, 0, 11. सरासरी काढा, येते साधारण 8. ॲप अगदी बरोबर सांगतंय आणि तरी त्या आकड्याचा उपयोग शून्य, कारण बागेत त्या क्षणी 8 चा वारा कधी नव्हताच, एक तर जेमतेम होता किंवा होता तो दुप्पट होता. पवनचक्कीवाले लोक यासाठी वेगळा हिशोब ठेवतात, वारा सरासरीच्या मागेपुढे किती झुलतो त्याला सरासरीने भागायचं, जे येईल ती टर्ब्युलन्सची, म्हणजे वाऱ्यातल्या खळबळीची तीव्रता. पवनचक्क्यांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात सेकंदाला 15 मीटरच्या वाऱ्याला ही तीव्रता 16, 14, 12 टक्के अशा वर्गांत मोजतात आणि त्यावरून ठरवतात कुठलं यंत्र कुठे टिकेल. माझ्या बागेतल्या त्या सात आकड्यांचं हेच गणित केलं तर 80 टक्क्यांच्या वर जातं. आता माझा वारा हळू होता आणि मीटर खेळण्यातला, त्यामुळे ही तुलना कुठल्या इंजिनिअरसमोर करू नका, पण अंदाज यावा.

मग मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता अण्णांचा खड्डा सापडला.

सपाट माळावर वाऱ्याचं सोपं असतं. जमिनीला चिकटून हवा घासते म्हणून हळू, जसजसं वर जाल तसा वेग वाढतो, आधी भराभर आणि मग सावकाश. गवत असेल तर घासणी कमी, झाडंझुडपं घरं असतील तर जास्त. म्हणूनच हवामान खात्याची वारा मोजायची यंत्रं मोकळ्या जागी 10 मीटर उंच खांबावर असतात, नाहीतर प्रत्येकजण आपापल्या कुंपणाचाच वारा मोजत बसेल. आता मध्ये डोंगर आणा. हवा चढायला लागली की माथ्यापाशी ती चेपली जाते आणि वेग वाढतो, पाण्याच्या पाईपाच्या तोंडावर अंगठा ठेवल्यासारखं, असं सगळे सांगतात, पण खरं तर वर छत थोडंच आहे, वरची हवा सहजासहजी हलायला तयार नसते म्हणून ती छताचं काम करते इतकंच. 1975 मध्ये जॅक्सन आणि हंट या दोघांनी याचं गणित बसवलं. त्याचा ढोबळ अर्थ असा की माथ्यावर वेग किती वाढेल हे डोंगराच्या उंचीवर नाही तर तो किती उभा आहे यावर ठरतं, उंची भागिले अर्ध्या उंचीवरची अर्धी रुंदी, आणि लांब धार असेल तर त्याच्या दुप्पट. एक छान गोष्ट त्यातून निघते, की माथ्यावर जमिनीलगतच वारा इतका वाढतो की नेहमीचा नियम मोडतो, वर गेलं तरी वेग फारसा वाढत नाही. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर त्या पवनचक्क्यांची रांग बघताना मला आधी वाटायचं जागा स्वस्त मिळाली असेल.

पण हा झाला चढ. चढाचं आणि माथ्याचं गणित बऱ्यापैकी सुटतं. भानगड आहे उताराला.

हवा उतरायला लागली की तिला पसरायला जागा मिळते, वेग कमी व्हायला लागतो आणि उतार जर तीव्र असेल, साधारण 17-18 अंशांच्या पुढे, तर जमिनीलगतची दमलेली हवा उताराला धरून राहूच शकत नाही, ती जमीन सोडते. वरचा जोराचा वारा सरळ पुढे निघून जातो आणि खाली, डोंगराच्या पाठीशी, हवेचं एक आडवं लाटणं फिरत राहतं. लाटण्याच्या वरच्या बाजूला हवा डोंगरापासून लांब जाते आणि खालच्या बाजूला, जमिनीवर, ती डोंगराकडे परत येते.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले. आईची चादर! चिमट्यांचा काहीच दोष नव्हता.

आणि लाटणंही काही शहाण्यासारखं एका जागी फिरत बसत नाही. वरचा जोराचा वारा आणि खालची मंद हवा यांच्यामधल्या पट्ट्यात सतत भोवरे तयार होतात, मोठे फुटून लहान होतात, लहान फुटून अजून लहान, शेवटी इतके बारीक की हवेच्या चिकटपणातच विरून जातात, त्यांची ताकद उष्णता होऊन संपते. 1941 मध्ये कोल्मोगोरोव्ह नावाच्या रशियन गणितीने या फुटण्याचा नियम मांडला आणि तो आजही वापरतात. डोंगराच्या पाठीमागे सगळ्यात जास्त खळबळ जमिनीवर नसते, ती असते साधारण माथ्याच्या उंचीच्या आसपास, आणि ती पुढे उंचीच्या दहापट अंतरापर्यंत सहज जाणवू शकते. चांभारलेण्याचा डोंगर पायथ्यापासून शंभर-सव्वाशे मीटर धरला तर किलोमीटरभर, म्हणजे आमची अख्खी कॉलनी त्यात येते आणि पुढची दोन दुकानंसुद्धा. आमचा पतंग वीस-पंचवीस हातांवर लाटण्याच्या उलट्या वाऱ्यात चढायचा, त्याच्या जरा वर हवेला धड दिशाच नसायची, मंगळसूत्र कुठेही बांधा.

पण दरवर्षी त्याच पत्र्यावर का? याचं उत्तर मला सगळ्यात आवडलं, कारण ते आपल्या दगडात आहे. गोल गुळगुळीत टेकडी असेल तर हवा जमीन नक्की कुठे सोडेल हे वाऱ्याप्रमाणे बदलतं, आज इथे उद्या तिथे. आपले डोंगर मात्र लाव्हाच्या थरांचे, एकावर एक रचलेले, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचे, आणि झिजतात ते पायऱ्यांसारखे, उभा कडा मग सपाटी मग परत कडा. या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्कँडिनेव्हियातल्या भाषेत जिन्याला असलेल्या शब्दावरून आलेला आहे तो. आणि कड्याची धार तीक्ष्ण असली की वाऱ्याला पर्याय उरत नाही, तो त्या धारेवरच जमीन सोडतो, दरवेळी. धार ठरलेली, म्हणून लाटण्याची जागा बरीचशी ठरलेली, म्हणून पत्रा ठरलेला. ज्यांनी त्या कड्यात लेणी कोरली त्यांना अर्थातच आमच्या पतंगाची काही पडलेली नव्हती.

हेच उलट बाजूने बघायचं तर पावसाळ्यात नाणेघाटात किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जा. कोकणातून आलेला वारा कड्याला धडकून उभा वर चढतो, धबधबा खाली पडायचं सोडून वर उडतो, लोक रिळं काढतात. तिथे कड्यापासून थोडं मागे येऊन बसलं तर बऱ्याचदा एकदम शांत असतं, टोपीसुद्धा हलत नाही, कधीकधी तर झुळूक पाठीमागून येते. तेच लाटणं, फक्त कड्याच्या वर. अंजनेरीच्या कड्यांवरची गिधाडं तर या वर चढणाऱ्या हवेवर पंख न हलवता कितीतरी वेळ तरंगतात, त्यांना गणित शिकवायला कुणी गेलं नव्हतं.

शास्त्रज्ञांनीही डोंगरांच्या अशा पाठी पाहिल्या आहेत बरं का, आणि त्यांची फजिती वाचून मला फार बरं वाटलं. 1982 आणि 83 मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका बेटावर आस्करवेन नावाच्या टेकडीवर पन्नासेक खांब लावून वारा मोजला. टेकडी मुद्दाम निवडलेली, 116 मीटर उंच, एकटीच, गुळगुळीत, समुद्राकडून सरळ वारा, म्हणजे प्रश्नपत्रिकेतला पहिला सोपा प्रश्न असतो ना तशी. माथ्यावर वारा पायथ्याकडच्या मोकळ्या जागेपेक्षा 80 टक्क्यांच्या आसपास जास्त निघाला, गणिताशी छान जुळला. पाठीमागच्या उतारावर मात्र पुढची कित्येक वर्षं वेगवेगळी कॉम्प्युटर मॉडेल्स डोकं आपटत राहिली. मग डेन्मार्कमध्ये बोलुंड नावाचा एक उंचवटा घेतला, उंची किती, 12 मीटर! आमच्याकडे याला कुणी टेकाडसुद्धा म्हणणार नाही, चार मजली इमारत एवढी होते. पण त्याला एका बाजूला उभा कडा. जगभरच्या लोकांना सांगितलं, मोजलेले आकडे आम्ही दाखवणार नाही, तुम्ही आधी तुमच्या मॉडेलने सांगा. पन्नासावर उत्तरं आली आणि चांगल्या चांगल्यांची कड्याजवळ आणि मागच्या बाजूला दांडी उडाली, टर्ब्युलन्समध्ये तर जास्तच. 2017 ला पोर्तुगालमध्ये पेर्दिगाँव इथे दोन समांतर डोंगररांगांवर परत पन्नासेक खांब आणि शिवाय लेझरची यंत्रं लावली. त्या खांबांवर माझ्यासारखा पंखा नसतो, ध्वनीचा वाऱ्याचा मीटर असतो, समोरासमोर छोटी शिंगं, एक आवाज पाठवतं दुसरं ऐकतं, आवाजाला जाताना आणि येताना लागलेल्या वेळातल्या फरकावरून वारा कळतो, आडवा उभा दोन्ही, सेकंदाला वीसवीस वेळा. माझ्या पंख्याला खालून वर येणारा वारा कळतच नाही, आणि माझं औषध तर वरच गेलं होतं.

म्हणून मी ॲपवरचा राग सोडला. आपल्याकडे 2025 च्या मे महिन्यात भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली, ती 6 किलोमीटरच्या चौकोनात अंदाज देते, आधी तो चौकोन 12 चा होता. 12 च्या चौकोनात रामशेज म्हणजे तव्यावरचा एक दाणा. 6 मध्येसुद्धा तो त्या चौकोनाच्या सरासरी उंचीत विरघळून जातो. पाऊस, थंडी यासाठी हे फार मोठं काम आहे, पण पाचव्या ओळीत ढग कुठे फिरेल हे त्याला विचारणं म्हणजे जिल्ह्याच्या नकाशात स्वतःची मोरी शोधणं.

मग मी काय केलं तर आईच्या जुन्या लाल साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि बागेभोवती बांबूंना दोन-दोन ठिकाणी बांधल्या, एक कमरेएवढी, एक वर हात पोचेल तिथे. नाना आठ दिवस काही बोलले नाहीत, मग स्वतःच सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसून पट्ट्या बघायला लागले. सकाळी सातला सगळ्या लोंबत्या, क्वचित एखादी पूर्वेला हलायची, ती डोंगरावरून रात्रभर गार होऊन खाली ओघळणारी हवा. वस्तीवरच्या चुलीचा धूर तेव्हा वर जातच नाही, आडवा पसरून ओढ्याने खाली जातो. हीच गार हवा पुढे खोलगट भागात साचते, निफाडचा आकडा दर थंडीत पेपरात पहिल्या पानावर येतो आणि बागांमध्ये शेकोट्या पेटवायची वेळ येते त्यात याचाही वाटा असतोच. रात्री वर जोराचा वारा असला तरी तो या गार थरावरून घसरून निघून जातो, खाली त्याचा पत्ता नाही. मग ऊन तापलं, साडेनऊ-दहाच्या सुमाराला जमीन गरम झाली, की थर फुटतो, वरचा वारा खाली यायला लागतो आणि एकेक पट्टी जागी होते, आधी वरच्या मग खालच्या. "हेच ते," नाना म्हणाले, "वारं सुटलं." चाळीस वर्षं ते जे वाक्य बोलत होते ते मी लाल पट्ट्यांवर बघत होते.

दुपारी पश्चिमेचा वारा लागला की तमाशा. डोंगराकडच्या पट्ट्या पश्चिमेला, म्हणजे उलट्या. बांधाकडच्या पूर्वेला, सरळ. आणि मधल्या पाच-सहा बांबूंवरच्या पट्ट्यांचं आपसात पटायचंच नाही. पाचवी ओळ बरोबर त्यांच्यात.

यावर नानांचा पहिला विचार होता पश्चिमेच्या बाजूने पक्की भिंत घालू. मी नको म्हटलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं. भिंत म्हणजे अजून एक छोटा कडा, वारा तिच्या वरून उडी मारतो आणि मागे नवीन लाटणं. अर्धा वारा जाऊ देणारं कुंपण जास्त लांबपर्यंत आडोसा देतं, त्याच्या उंचीच्या दहा-पंधरा पट, कारण जो वारा गाळून आत येतो तोच लाटण्याला फिरू देत नाही. आम्ही शेवरी लावली आणि ती वाढेपर्यंत हिरवी नेट. खरं सांगायचं तर डोंगराच्या लाटण्यापुढे नेटचं काय चालणार, पण जमिनीलगतचे झटके कमी झाले, आणि मुख्य म्हणजे चारला ब्लोअर काढायचा नाही हे आता घरात कायद्यासारखं झालंय. बांधापलीकडचे भाऊ परत चहाला यायला लागले, त्यांनीही दोन पट्ट्या मागून नेल्या.

परवाच्या संक्रांतीला म्हसरूळला गेले. अण्णांचे गुडघे गेलेत, तरी गच्चीवर खुर्ची टाकून बसले, आसारी त्यांच्याकडे, पतंग माझ्याकडे, मांजा साधा सुती, नायलॉनचा आमच्या घरात येत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, लाटणं, कड्याची धार, स्कॉटलंड, डेन्मार्क. वावडी या शब्दाचा मूळ अर्थ पतंगच आहे हेही सांगून टाकलं, कारण ते मला आदल्याच दिवशी कळलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे खड्डा आहे ना?"

"अण्णा, खड्डा नाही, तिथे हवा उलटी..."

"मग मी काय म्हणत होतो."

मी म्हटलं चला, गाडी काढते, मोकळ्या मैदानात जाऊ, तिथे पहिल्या झटक्यात वर जाईल. ते म्हणाले इथूनच लाव. लावला. वीस-पंचवीस हात गेला, डुलला, डावीकडे मान टाकली. जिथे पत्रा होता तिथे आता चार मजली बिल्डिंग झालीये, म्हणजे वाऱ्याच्या वाटेत आणखी एक कडा, पण पतंगाने जुना पत्ता सोडला नाही, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत जाऊन अडकला. आत एक सात-आठ वर्षांचा मुलगा टपून बसलेला असावा, कारण लगेच बाहेर आला. बाल्कनीत आधीच चार पतंग गोळा करून ठेवलेले दिसत होते.

"आजोबा," तो ओरडला, "परत टाकू का खाली? मला माहितीये, इकडेच येणारे तो!"

अण्णांनी आसारी सावरली आणि हात वर करून त्याला सांगितलं, टाक.